फुटबॉल क्लबात मुलांसाठी अभ्यासवर्ग कसा सुरू करायचा : तालमीच्या कार्यकर्त्यांसाठी पायरीपायरीने

आमच्या तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या व्यायामशाळा-मंडळाच्या, फुटबॉल संघात खेळणाऱ्या, आणि त्या संघात यायची स्वप्नं बघणाऱ्या शाळकरी पोरांसाठी आम्ही कोल्हापुरात शाळा सुटल्यानंतरचा अभ्यासवर्ग चालवतो. अलीकडे गडहिंग्लज, मिरज, पुण्याकडच्या क्लबांतले कार्यकर्ते फोन करतात. प्रश्न बहुतेक तेच असतात : परवानगी कुणाची लागते, शिकवणार कोण, पोरं टिकतात का, पैसे कुठून येतात. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा सगळं एका ठिकाणी लिहितो आहे.

कल्पना आमची नाही. इंग्लंडमध्ये १९९७ साली तिथल्या सरकारच्या शिक्षण खात्याने फुटबॉल क्लब आणि स्थानिक शिक्षण विभाग यांना एकत्र घेऊन ‘प्लेइंग फॉर सक्सेस’ नावाची योजना सुरू केली. क्लबच्या स्टेडियममध्येच वर्ग थाटले. लीड्स युनायटेड, न्यूकॅसल युनायटेड, शेफील्ड वेन्सडे हे सुरुवातीचे क्लब. साधारण नऊ ते चौदा वयाची, वर्गात थोडी मागे पडलेली मुलं शाळेने निवडायची, शाळा सुटल्यावर ती स्टेडियममध्ये यायची आणि वाचन, गणित, संगणक शिकायची. प्रमुख अनुभवी शिक्षक असायचा, हाताखाली कॉलेजचे विद्यार्थी. पुढे रग्बी आणि क्रिकेटचे क्लबही त्यात आले. २०११ मध्ये तिथल्या सरकारचा राखीव निधी थांबला आणि बरीच केंद्रं बंद पडली. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पैशांच्या पायरीवर ती परत लागेल.

आपल्याकडेही उदाहरणं आहेत. नागपूरला विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी ‘स्लम सॉकर’ सुरू केलं. मुंबईत कफ परेडच्या आंबेडकर नगरात अशोक राठोड यांनी २००६ मध्ये ‘ऑस्कर फाउंडेशन’ उभं केलं, आणि तिथला नियम प्रसिद्ध आहे : शाळा नाही तर फुटबॉल नाही. म्हणजे पैसेवाल्या क्लबाशिवाय हे होत नाही असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका.

माझं म्हणणं थोडक्यात एवढंच की जे पोरगं शाळेला आणि शिकवणीला दाद देत नाही, ते तालमीच्या शब्दाला देतं. ती ओढ आपल्याकडे फुकट आहे. ती वाया जाऊ नये म्हणून बाकीचा सगळा खटाटोप.

१. कुणासाठी, ते आधी ठरवा

पहिल्या बैठकीत कुणीतरी म्हणेल, “दहावीच्या पोरांचे क्लास घेऊया, निकाल चांगला लागला की नाव होईल.” इथेच थांबवा. दहावीच्या वर्षी पाया भरून निघत नाही, आणि तुमचा वर्ग आणखी एक शिकवणी होऊन बसतो. पाचवी ते आठवी हा गट घ्या. पोरगं शाळेतून मनाने उठतं ते याच वयात. भागाकार येत नाही, इंग्रजी वाचता येत नाही, आणि हे कुणाला कळू नये म्हणून ते मागच्या बाकावर बसतं. नववीत ते कागदोपत्री गळतं, पण खरं आधीच गळलेलं असतं.

पहिल्या तुकडीला पंधरा ते वीस मुलं पुरेत. चाळीस जणांची यादी घेऊन येणाऱ्या कार्यकर्त्याला प्रेमाने सांगा, पुढच्या तुकडीत.

मुलींना पहिल्या दिवसापासून घ्या. तालमीत पोरी कशा येतील, हा प्रश्न निघेल. मुलींचा संघ असेल तर अडचण नाही. नसेल तर वर्ग शाळेच्या खोलीत भरवा आणि नाव क्लबचं ठेवा. “नंतर बघू” म्हटलं की ते कधीच होत नाही.

२. तालमीचे कागद तपासा

बहुतेक तालमी आणि तरुण मंडळं संस्था नोंदणी कायदा १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० यांखाली नोंदलेली असतात. काही नुसती नावाला असतात. घटना बाहेर काढून उद्देशांची यादी वाचा. तिथे व्यायाम, क्रीडा, उत्सव असं लिहिलेलं असतं आणि ‘शिक्षण’ नसतं. शैक्षणिक उपक्रमासाठी कंपनीकडे किंवा मोठ्या देणगीदाराकडे गेलात की पहिला प्रश्न यावरच येतो. उद्देशांत बदल करायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव आणि धर्मादाय कार्यालयाकडचं काम लागतं, त्याला वेळ जातो. म्हणून हे आधी सुरू करा. वर्ग मात्र त्यासाठी अडवून ठेवू नका.

हाताशी ठेवायचे कागद :

- नोंदणी प्रमाणपत्राच्या आणि घटनेच्या प्रती
- अभ्यासवर्ग सुरू करण्याचा कार्यकारिणीचा ठराव, त्यात जबाबदार दोन व्यक्तींची नावं
- संस्थेचं पॅन कार्ड आणि बँक खातं, गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब
- शाळेला द्यायचं पत्र आणि शाळेचं लेखी उत्तर
- पालकांचं संमतीपत्र, फोटोसाठीची संमती वेगळी
- प्रत्येक मुलाचा अर्ज : पालकांचे दोन फोन नंबर, आजार, ॲलर्जी, घरी नेणारं कोण
- शिकवणाऱ्यांची ओळखपत्रं आणि पोलिसांकडचा चारित्र्य पडताळणीचा दाखला

बाळगावं असं भय एकच आहे : मंडळ नोंदलेलं नसताना पावतीपुस्तक छापून वर्गणी गोळा करणं. त्यासाठी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क खालची परवानगी लागते. गणपतीला ती काढायची सवय मंडळांना आहे. अभ्यासवर्गाच्या वर्गणीला मात्र ‘चांगलं काम आहे, कोण विचारतंय’ म्हणून ती राहून जाते.

३. जागा

तालमीचा हॉल सगळ्यात उत्तम, कारण पोराच्या पायाला तीच वाट माहीत असते. भिंतीवर संघाचे जुने फोटो असतात, कपाटात ढाली असतात. इंग्लंडमध्ये वर्ग मुद्दाम स्टेडियममध्ये ठेवले त्यामागे हीच गोष्ट होती : जागेलाच मान असला की तिथे शिकायला जाण्यात कमीपणा वाटत नाही.

पण हॉल वर्गासारखा चालायला चार गोष्टी लागतात. वहीवर सावली पडणार नाही असा उजेड, दार लागणारं स्वच्छतागृह, प्यायचं पाणी, आणि त्या वेळात तिथे दुसरं काहीही चालू नसणं. चौथी सगळ्यात अवघड. संध्याकाळी हॉलमध्ये कॅरम असतो, ज्येष्ठ मंडळींच्या गप्पा असतात, बाहेर कट्टा भरलेला असतो. वर्गाची वेळ कार्यकारिणीच्या ठरावात लिहून घ्या आणि दारावर लावा. तोंडी ठरलेलं पंधरवडाभर टिकतं.

खाली सतरंजी आणि पुढे बैठी डेस्कं चालतात. फळा मोठा हवा. संगणकासाठी अडून बसू नका, पुढे एखादी कंपनी वापरलेले लॅपटॉप देते तेव्हा बघता येईल.

कोल्हापूरकरांसाठी एक जादा गोष्ट. आपल्याकडे पेठापेठांतली ईर्षा पोरांच्याही अंगात असते. एका तालमीचं पोरगं दुसऱ्या तालमीच्या हॉलमध्ये शिकायला पाऊल टाकणार नाही, आणि टाकलं तर घरी जाताना टोमणे ऐकेल. आसपासच्या सगळ्या मुलांसाठी वर्ग करायचा असेल तर महापालिकेच्या शाळेची खोली मागा, आणि वर्गाच्या टी-शर्टला कुठल्याच संघाचा रंग देऊ नका. फक्त आपल्या पोरांसाठी असेल तर जर्सीचा रंग जरूर वापरा.

४. कॅलेंडर : शाळा, गणपती, हंगाम

वर्ग वर्षभर चालवायचा बेत करू नका. दहा आठवड्यांची तुकडी, आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, एका वेळी दीड तास. इंग्लंडमध्येही ठरावीक आठवड्यांच्या तुकड्याच होत्या. शेवट दिसत असला की पोरगं टिकतं आणि शिकवणारा कॉलेजकुमारही टिकतो.

आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यात सुरू होते. तेव्हा पाऊस असतो, मैदानावर चिखल असतो, लीग नसते. पहिली तुकडी तेव्हाच घ्या. पण गणपती कधी आहेत ते आधी बघा. २०२५ मध्ये ते २७ ऑगस्टला बसले, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. त्याच्या आधी दोन-तीन आठवडे मंडप, देखावा, वर्गणी यांत हॉल आणि कार्यकर्ते दोन्ही गुंतलेले असतात. तुकडी त्याआधी संपली पाहिजे. दुसरी तुकडी दिवाळीची सुट्टी संपल्यावर. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम रंगात येतो तेव्हा मॅचच्या दिवशी वर्ग ठेवू नका. कुणी येणार नाही, आणि येऊ नये असंच मला वाटतं.

दिवसाचा क्रम : आधी खाणं, मग अभ्यास, मग सराव. उलटा क्रम कधीही नको. सरावानंतर पोरं दमून पेंगतात आणि वहीवर घाम ठिबकतो. सराव शेवटी ठेवला की तोच ओढ लावतो.

५. शाळेशी बोला, मग मुलं निवडा

मुख्याध्यापकांना भेटायला तालमीचं शिष्टमंडळ घेऊन जाऊ नका. दोघांनी जा, पत्र घेऊन जा, शाळा सुटायच्या वेळी जाऊ नका. काही शाळांना वाटतं की तालीम म्हणजे पोरं बिघडवणारी जागा, आणि काही ठिकाणी त्यांचा अनुभवही तसाच असतो. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. “तुमची मागे पडलेली पाच-सहा मुलं सांगा, आम्ही दहा आठवडे त्यांच्यासोबत बसतो, काय झालं ते तुम्हाला दाखवतो” एवढं म्हणा.

वर्गशिक्षकांना सांगायचं असं : सगळ्यात हुशार नको, आणि ज्याच्यामुळे तुमचा वर्ग बंद पडतो तोही पहिल्या तुकडीत नको. जो थोड्या आधाराने वर येईल असा द्या. तुमच्या शिकवणाऱ्यांचा हात बसला की अवघड मुलंही घ्या.

घरी जाणंही टाळू नका. आईला विचारा, वडिलांना विचारा, आजी घरात असेल तर तिलाही. बऱ्याच घरांत फुटबॉलबद्दल राग असतो, कारण त्यापायी अभ्यास बुडाला असं त्यांना वाटतं. तुमच्या तोंडून अभ्यासाचं ऐकलं की अर्धं काम तिथेच होतं. मुलाला मात्र जबरदस्तीने पाठवू नका असं बजावून सांगा. शाळेने नाव सुचवायचं, यायचं की नाही ते पोराने ठरवायचं.

६. शिकवणार कोण

एक अनुभवी माणूस आणि त्याच्याबरोबर चार-पाच तरुण, एवढं हवं. अनुभवी माणूस म्हणजे निवृत्त शिक्षक किंवा शिक्षिका. प्रत्येक पेठेत अशा बाई असतात ज्यांनी निम्म्या गल्लीला पाढे शिकवलेत. त्यांना मानाने बोलवा, खुर्ची द्या आणि अभ्यासाचे निर्णय त्यांच्या हातात ठेवा.

इथे एक कायद्याची गोष्ट आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २८ नुसार शाळेत नोकरीला असलेल्या शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. म्हणून नोकरीतल्या शिक्षकाला मानधन देऊन उभं करू नका, त्यांनाच त्रास होईल. ते विनामोबदला मदत करणार असतील तरी मुख्याध्यापकांना कळवून लेखी घ्या.

तरुणांसाठी कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा. त्या विद्यार्थ्यांना वर्षाला १२० तास समाजकार्य करायचं असतं, आणि वृक्षारोपणापेक्षा हे काम त्यांना जास्त आवडतं असं मी पाहिलं आहे. बी.एड.चे विद्यार्थीही मिळतात.

आणि तुमच्या सीनियर संघातला एखादा कॉलेजात जाणारा खेळाडू. तो शिकवण्यात पारंगत नसला तरी चालेल. तो फक्त शेजारी बसून पोराचं वाचन ऐकतो. रविवारी ज्याच्या नावाने स्टेडियम दणाणतं, तो आपल्यासमोर मांडी घालून बसलाय आणि आपण अडखळलेल्या शब्दापाशी थांबून वाट बघतोय, याचं त्या मुलावर काय होतं ते एकदा बघाच. मात्र त्याला आधी सांगून ठेवा : हसायचं नाही, शब्द लगेच सांगून टाकायचा नाही, आणि कबूल केलेला दिवस चुकवायचा नाही. खेळाडू आला नाही की पोरं दाराकडे बघत राहतात, आणि तो दिवस पूर्ण वाया जातो.

७. पहिल्या आठवड्यात तपासणी

पोरगं सहावीत आहे म्हणून सहावीचं पुस्तक उघडू नका. ‘प्रथम’ संस्था मुलांचं वाचन-गणित तपासायला ‘असर’ नावाची पाहणी करते, तीत वापरतात ती साधी चाचणी घ्या. अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट असा वाचनाचा क्रम. गणितात एक अंकी संख्या ओळखणं, दोन अंकी ओळखणं, हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं. एका मुलाला पाच-दहा मिनिटं लागतात. एकेकाला बाजूला घेऊन, इतरांना ऐकू जाणार नाही असं.

निकाल वहीत लिहा, भिंतीवर लावू नका. मग इयत्ता विसरून गट पाडा : ज्याला जिथे अडतं, तिथून. सातवीचा पोरगा पाचवीच्या पोरीशेजारी भागाकार करतोय, हे चालतं. पण गटांना ‘कच्चा’, ‘पक्का’ अशी नावं नकोत. ‘डिफेन्स’, ‘मिडफिल्ड’ ही नावं ठेवा.

८. शिकवायचं काय

गृहपाठाला पहिली वीस मिनिटं द्या, नाहीतर शाळेत बोलणी बसतात आणि दोष वर्गाला येतो. उरलेला वेळ आपला. तिथे फुटबॉल वापरा, पण पोस्टर लावण्यापुरता नको.

ऋण संख्यांचं उदाहरण घ्या. वहीत (−३) + ५ लिहिलं की निम्मी मुलं ८ लिहितात. फळ्यावर चार संघांचा गुणतक्ता काढा, जिंकल्यास तीन, बरोबरी एक, आणि शेवटी गोलफरकाचा रकाना ठेवा. “तीन मॅचमध्ये चार गोल मारले, सात खाल्ले. फरक?” एका दमात उत्तर येतं, मायनस तीन. “आता चौथी मॅच पाच-शून्यने जिंकली.” जरा शांतता, आणि मग कुणीतरी ओरडतं, “प्लस दोन, वर सरकला!” आता त्याच फळ्यावर (−३) + ५ लिहा आणि खडू त्याच्याच हातात द्या. तिथून पुढे चिन्हांची भीती निघते. पोराला ते गणित आधीपासून येत होतं, फक्त वहीतल्या खुणा ओळखीच्या नव्हत्या.

मैदान हा तर तयार भूमितीचा धडा आहे. एक लांब टेप आणि फक्कीची पिशवी घेऊन सगळ्यांना बाहेर काढा. पूर्ण मैदान १०५ बाय ६८ मीटर धरा, परिमिती ३४६ येते. एक फेरी मारायची म्हणजे किती, तीन फेऱ्या म्हणजे किलोमीटरच्या वर का. मग पेनल्टी एरिया. त्याची रुंदी ४०.३२ मीटर असते. असला विचित्र आकडा का, हा प्रश्न मुलांना टाका. गोलपोस्टमधलं अंतर ७.३२, आणि दोन्ही बाजूंना १६.५. बेरीज त्यांना करू द्या. मधलं वर्तुळ ९.१५ त्रिज्येचं. खुंटी, दोरी आणि फक्की घेऊन ते काढलं की ‘त्रिज्या’ हा शब्द परत सांगावा लागत नाही.

मराठीसाठी वर्तमानपत्राचं क्रीडापान. आपल्याकडे स्थानिक सामन्यांच्या बातम्या सविस्तर येतात, गोल कितव्या मिनिटाला झाला इथपर्यंत. आधी मोठ्याने वाचन, मग रविवारच्या मॅचवर स्वतःच्या पाच ओळी. पाचच, पण पूर्ण वाक्यांत. जो तोंडाने अर्धा तास मॅच सांगतो त्याला पाच ओळी लिहायला घाम फुटतो, आणि नेमकी तीच दरी भरायची आहे. इतर वाचनाला बालभारतीचं ‘किशोर’ मासिक ठेवा, जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. सगळाच फुटबॉल झाला तर मुलंही कंटाळतात.

इंग्रजीला पेनल्टी, रेफरी, सबस्टिट्यूट, ऑफसाइड. हे शब्द त्यांच्या तोंडात रोज असतात, कागदावर रोमन लिपीत कधी पाहिलेले नसतात. तिथून सुरुवात केली की पहिल्याच दिवशी ‘मला इंग्रजी येतं’ असं वाटायला लागतं.

आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेकडे लक्ष ठेवा. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतली, साडेतीन लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेली मुलं बसू शकतात. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. अर्ज शाळेमार्फत जातो, उत्पन्नाचा दाखला वेळेत काढावा लागतो, आणि तो काढायला पालकांबरोबर जाणारा कार्यकर्ता तुमच्याकडे असतोच.

९. हजेरीचा नियम करा, गुणांचा नको

काही क्लब म्हणतात, इतके टक्के पडले नाहीत तर संघात घेणार नाही. मी याच्या पूर्ण विरोधात आहे. ज्याचा पाया कच्चा आहे त्याला गुण मिळायला वेळ लागतो. तोवर त्याच्याकडून खेळ काढून घेतलात तर त्याला धरून ठेवणारी शेवटची गोष्टही गेली. नियम त्याच्या हातात असलेल्या गोष्टीवर करा : शाळेत गेला का, वर्गाला आला का. कारण न सांगता सलग तीनदा दांडी मारली तर पुढच्या मॅचला बाकावर. हा नियम संघातल्या सगळ्यात चांगल्या पोरालाही लागला पाहिजे. कोचला हे पटलेलं नसेल तर नियम लावूच नका, कारण फायनलच्या आदल्या दिवशी तो मोडला जाईल आणि सगळ्या पोरांना ते दिसेल.

शाळेत नाव टिकण्याचा खेळाशी थेट संबंध आहे, तोही मुलांना सांगा. सुब्रतो चषकासारखी स्पर्धा शाळेच्या संघांची असते, शाळा सुटली की ती दारं बंद. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला. तिथे खेळ आणि शाळा बरोबर चालतात.

दहावी-बारावीच्या क्रीडागुणांबद्दल गैरसमज फार आहेत. ते सवलतीचे गुण आहेत, ठरावीक मान्य स्पर्धांतल्या कामगिरीवर मिळतात, आणि प्रस्ताव शाळेमार्फत क्रीडा कार्यालयाकडे जातो. गल्लीतल्या चषकाची ढाल त्यात चालत नाही. स्पर्धेची प्रमाणपत्रं प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये ठेवायची सवय लावा, आणि मान्य स्पर्धांची यादी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून दरवर्षी आणा.

१०. मुलांची सुरक्षितता

यात तडजोड नाही. कोणताही मोठा माणूस एका मुलाबरोबर बंद खोलीत एकटा बसणार नाही, कितीही विश्वासाचा असला तरी. वर्गात कायम दोन मोठी माणसं हवीत, मुली असतील तर एक महिला. मुलांशी वैयक्तिक व्हॉट्सॲप चॅट नाही, निरोप पालकांच्या ग्रुपवर. वर्ग संपल्यावर कोण कुणाबरोबर गेलं त्याची नोंद.

मुलं अशा वर्गात मोकळी होतात आणि कधी घरातलं किंवा बाहेरचं काही भयंकर सांगून जातात. लैंगिक अत्याचाराबद्दल कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. “तालमीचं नाव जाईल, आपसांत मिटवू” असं म्हणणारा कुणीतरी निघतोच. त्याचं ऐकायचं नाही. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर हॉलच्या भिंतीवर मुलांना दिसेल असा लिहा. हे सगळं शिकवणाऱ्यांना तुकडी सुरू होण्याआधी एकत्र बसवून सांगा आणि सह्या घ्या.

११. पैसे आणि फ्लेक्स

शिकवणं मोफत मिळतं, हॉल आपला असतो. सतत लागणारा खर्च खाण्याचा. केळी, शेंगदाणे-गूळ, उकडलेली अंडी, चिरमुरे. यात काटकसर करू नका. दुपारी शाळेत खिचडी खाल्लेलं पोरगं साडेपाचला उपाशीच असतं. गल्लीतली घरं वार वाटून घेतात, आणि एखादा बेकरीवाला स्वतःहून पुढे येतो.

मोठी मदत हवी असेल तर सगळे ज्याला ८०जी म्हणतात ती आयकर सवलतीची नोंदणी करून घ्या. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी घ्यायचा तर सीएसआर-१ हा फॉर्म भरून नोंदणी लागते. परदेशी राहणाऱ्या पेठकऱ्यांकडून पैसे घेताना विचारून घ्या : भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या भारतातल्या खात्यातून दिलेली देणगी वेगळी आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची वेगळी. दुसरीला परदेशी देणगी कायद्याची परवानगी लागते. सीएला विचारल्याशिवाय ते पैसे खात्यावर घेऊ नका.

इंग्लंडची केंद्रं सरकारी निधी आटल्यावर बंद पडली ते आठवा. एकाच देणगीदारावर वर्ग उभा करू नका. एका तुकडीचे पैसे हातात आल्याशिवाय ती तुकडी जाहीर करू नका.

माजी नगरसेवक, भावी नगरसेवक मदत करतील आणि फ्लेक्स लावतील. मदत घ्या, आभार लेखी माना, पण वर्गाच्या खोलीत कुणाचाही फ्लेक्स नाही असा नियम पहिल्याच ठरावात घाला. पुढे तो घालता येत नाही.

१२. तुकडी संपताना

शेवटच्या आठवड्यात तीच ‘असर’ चाचणी परत घ्या. पहिल्या वहीशी ताडून प्रत्येक मुलासाठी चार ओळींचं पत्रक करा : आधी काय येत होतं, आता काय येतं, घरी काय करावं. एक प्रत पालकांना, एक वर्गशिक्षकांना. ज्याची प्रगती झाली नाही त्याच्या पत्रकात खोटं लिहू नका. त्याला पुढच्या तुकडीत घ्या आणि गट बदलून बघा.

समारंभ मैदानावर करा, मॅचच्या मध्यंतरात जमलं तर उत्तमच. त्यासाठी आयोजकांना आधी पत्र द्या. प्रमाणपत्र सीनियर संघाच्या कप्तानाच्या हातून द्या, पाहुण्यांचं भाषण नको. सगळ्या मुलांना बोलवा, पहिला-दुसरा नंबर काढू नका. आई-वडिलांसाठी पुढच्या खुर्च्या राखून ठेवा.

त्यानंतरच्या आठवड्यात शिकवणाऱ्यांची एक बैठक घ्या. कुठला धडा जमला, कोण पोरगं मध्येच गळलं आणि का, ते वहीत लिहा. गळलेल्या प्रत्येकाच्या घरी एक जण जाऊन येऊ दे. आणि पुढच्या तुकडीची तारीख त्याच बैठकीत ठरवून दारावर लावा.